जुनी पॉवरबोट घेण्यापूर्वी: इंजिनाच्या आधी लाकूड तपासावे

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. रेवसजवळच्या खाडीकाठी एका यार्डात १९८९ सालची, अमेरिकी बनावटीची, २१ फुटी फायबरची बोट चार वर्षांपासून ठोकळ्यांवर उभी आहे. तिला ४.३ लिटरचे व्ही-६ मर्क्रूझर पेट्रोल इंजिन आणि अल्फा वन स्टर्नड्राइव्ह (आतल्या इंजिनाने फिरणारा, मागच्या भिंतीबाहेर बसवलेला प्रोपेलरचा भाग) आहे. मालकाच्या सांगण्यानुसार इंजिन चालू स्थितीत असून रंग आणि गाद्या एवढेच काम शिल्लक आहे. ती घेऊन, दुरुस्त करून मांडवा, अलिबाग आणि मुंबई बंदराच्या परिसरात कुटुंबासह वापरण्याचा आपला विचार आहे, आणि व्यवहारापूर्वी नेमके काय पाहावे असे आपण विचारले आहे.

ती बोट घ्यावी की नाही हे न पाहता सांगता येणार नाही; मात्र कोणत्या क्रमाने पाहावे हे निश्चित सांगता येते, आणि तो क्रम चुकला की पैसे चुकीच्या जागी जातात. बहुतेक खरेदीदार आधी इंजिन चालू करून पाहतात. वास्तविक आपल्या बोटीतील इंजिन ही सर्वांत सहज मिळणारी वस्तू आहे, कारण ४.३ चा मूळ ब्लॉक जनरल मोटर्सचा असून त्याचे सुटे भाग अनेक कंपन्या आजही बनवतात. इंजिन उघडता येते, बदलता येते. फायबरच्या आत दडलेले लाकूड कुजले असेल, तर मात्र इंजिन, ड्राइव्ह, टाकी आणि तळफळी सारे काही बाहेर काढल्याशिवाय ते दुरुस्त होत नाही. म्हणून बोटीची किंमत लाकडावरून ठरवावी. इंजिनावरून ती फार तर कमी-जास्त करावी.

त्या काळातील या वर्गाच्या बहुतेक बोटींमध्ये ट्रान्सम, म्हणजे मागची उभी भिंत जिच्यावर ड्राइव्ह बसवलेला असतो, ती प्लायवूडची असून दोन्ही बाजूंनी फायबरने मढवलेली असते. तळाला लांबीने जाणारे स्ट्रिंगर आणि पायाखालची तळफळी यांच्यातही लाकूडच असते. पॉलिएस्टर रेझिन लाकडाला घट्ट चिकटून राहत नाही, आणि ट्रान्समला पाडलेले प्रत्येक छिद्र, मग ते शिडीचे असो, पाणी सोडण्याच्या बुचाचे असो किंवा खोली मोजण्याच्या सेन्सरच्या एका स्क्रूचे असो, पाण्याला आत जाण्याची वाट देते. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी लाकूड लवकर कुजवते. अलिबाग परिसरात एका पावसाळ्यात सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे चार वर्षे न वापरता उभी असलेली बोट कमी झिजलेली असते, हा समज आपल्या किनाऱ्यावर तरी खरा ठरत नाही. मालकाला पहिला प्रश्न हाच विचारावा की या चार पावसाळ्यांत बोट शाकारली होती का, तळाचे बूच काढून ठेवले होते का आणि पाणी मागे वाहून जावे म्हणून पुढची बाजू उंच केली होती का. उत्तर काहीही मिळो, इंजिनाच्या खणात टॉर्च घेऊन उतरावे आणि भिंतींवर पाण्याच्या पातळीची आडवी रेघ उमटली आहे का ते पाहावे. या इंजिनात स्टार्टर मोटर खाली बसवलेली असते. ती रेघ स्टार्टरच्या वर गेली असेल, तर बोट पावसाच्या पाण्याने भरली होती हे उघड आहे.

त्यानंतर प्लास्टिकच्या तोंडाची छोटी हातोडी घेऊन ट्रान्सम बाहेरून आणि आतून, हातभर अंतरावर नव्हे तर चार-चार बोटांवर वाजवावा. सुकी, घट्ट जागा खणखणीत वाजते. ओली किंवा सुटलेली जागा बद्द वाजते. आवाज बदलेल तेथे खडूने खूण करत गेल्यास अर्ध्या तासात नकाशाच तयार होतो. तळाच्या बुचाभोवती आणि ड्राइव्हच्या कटआउटच्या खालच्या दोन कोपऱ्यांत सर्वाधिक लक्ष द्यावे. ओल मोजण्याचे मीटर उपयोगी असले, तरी तांबेयुक्त अँटिफाउलिंग रंगावर (तळाला शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा रंग), मागे धातू असलेल्या जागेवर आणि दमट हवेत ते चुकीचे आकडे दाखवू शकते. म्हणून केवळ मीटरच्या आधाराने बोट नाकारू नये, आणि केवळ त्याच्याच आधाराने घेऊही नये.

शंका राहिलीच, तर मालकाची लेखी परवानगी घेऊन एक छोटे छिद्र पाडावे. ते कसे पाडावे हे सविस्तर सांगतो, कारण व्यवहाराचा निर्णय बहुधा येथेच होतो. मर्क्रूझरच्या स्टर्नड्राइव्हसाठी ट्रान्समची जाडी ५१ ते ५७ मिलिमीटर ठेवावी लागते. ६ मिलिमीटरच्या बिटवर टोकापासून ३० मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे बाहेरचा थर भेदला जाणार नाही. छिद्र आतल्या बाजूने, तळापासून जेमतेम चार बोटे वर, बुचाच्या शेजारी घ्यावे, आणि ड्रिल अगदी हळू चालवून बाहेर पडणारा भुगा पांढऱ्या कागदावर झेलावा. आधी फायबरची पांढरी पूड येते, मग लाकूड सुरू होते. भुगा फिकट, कोरडा आणि तंतुमय असेल, बिटला प्रत्येक थराचा विरोध जाणवत असेल, तर लाकूड चांगले आहे. भुगा गडद तपकिरी, बोटांनी दाबला तर ओलसर लागणारा, कुबट वासाचा असेल आणि बिट लोण्यात जावे तसे आत जात असेल, तर पुढील चर्चा नव्या ट्रान्समच्या खर्चावरच व्हायला हवी. निष्कर्ष काहीही निघो, छिद्र त्याच दिवशी इपॉक्सीने भरून द्यावे.

स्ट्रिंगरसाठी छिद्राचीही गरज नसते. इंजिनाचे पुढचे माउंट ज्या जाड स्क्रूंनी स्ट्रिंगरवर बसवलेले असतात, त्यांवर पाना लावून ते आवळण्याच्या दिशेने हलका जोर द्यावा. निरोगी लाकडात स्क्रू लगेच अडतो. तो न अडता जागच्या जागी फिरत राहिला, तर त्याच्याभोवतीचे लाकूड संपलेले आहे, आणि शेकडो किलोंचे इंजिन केवळ फायबरच्या कवचावर टेकलेले आहे, असे समजावे. तळफळीवर टाचेने दाब देत चालावे. ती दबत असेल, तर खालचे स्ट्रिंगर ठीक असण्याची शक्यता कमी असते.

तळफळीखाली बहुधा तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. हा फोम एकदा पाणी प्याला की आपल्या दमट हवेत तो बंद खणात सुकत नाही, आणि त्या पाण्याचे वजन बोट कायम वाहत राहते. हे पडताळण्याची सोपी पद्धत म्हणजे बोट ट्रेलरवर घेऊन जवळच्या वजनकाट्यावर नेणे, मग रिकाम्या ट्रेलरचे वजन वजा करणे आणि त्या मॉडेलच्या मूळ कॅटलॉगमधील कोरड्या वजनाशी तुलना करणे. इंधन, बॅटरी आणि सामान यांचा हिशेब धरूनही वजन दीडशे-दोनशे किलोंनी जास्त भरले, तर ते पाणी कुठे आहे हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. यासाठी ट्रेलर भाड्याने आणावा लागला, तरी तो खर्च सार्थकी लागतो.

आता तळ. शेवटच्या दीड मीटरच्या भागावर लांब सरळ पट्टी धरावी. ठोकळे चुकीच्या जागी लावल्यामुळे तेथे खळगा पडला असेल, तर ती बोट वेगात नीट सरळ धावत नाही, आणि हा दोष रंगाखाली अजिबात दिसत नाही. जेलकोटवरच्या (फायबरचा बाहेरचा गुळगुळीत थर) केसासारख्या बारीक रेघा जुन्या बोटीत असतातच आणि त्यांची चिंता करू नये. मात्र स्ट्रिंगरच्या रेषेत लांबच लांब गेलेली किंवा ट्रान्सम आणि तळाच्या जोडावर आडवी गेलेली भेग संरचनेची असते. पाण्यात दीर्घकाळ राहिलेल्या बोटीच्या तळाला फोड असू शकतात. एखादा फोड फोडल्यास आतला चिकट द्रव आंबट वासाचा असतो आणि तो दाबाखाली असल्यामुळे डोळ्यांवर चष्मा हवा. थोडे फोड सुकवून भरता येतात. त्यांच्यामुळे चांगली बोट सोडू नये. ताजा रंग मात्र संशयास पात्र आहे. विक्रीपूर्वी फक्त ट्रान्सम आणि बिल्ज (बोटीच्या आतला सर्वांत खालचा भाग) रंगवलेले असतील, तर का रंगवले हे विचारावे.

स्टर्नड्राइव्हमध्ये माणसे सर्वाधिक दुर्लक्ष करतात ते बेलोजकडे. ड्राइव्ह आणि ट्रान्समच्या मधली ही रबरी नळी युनिव्हर्सल जॉइंटला समुद्रापासून वेगळे ठेवते आणि ती पाण्याच्या पातळीखाली असते. ती फाटली तर बोट जागेवर उभ्याउभ्या बुडू शकते. चार वर्षे उन्हात राहिलेले रबर घडीच्या आत तडकते. म्हणून ड्राइव्ह पूर्ण वर करून, प्रत्येक घडी बोटाने उघडून पाहावी. माझ्या मते या बोटीचे बेलोज, गिंबल बेअरिंग (ट्रान्सममधून जाणाऱ्या ड्राइव्हच्या दांड्याचे बेअरिंग) आणि पाण्याच्या पंपाचे इम्पेलर (पाणी ओढणारे रबरी चक्र) बदलायचेच आहेत असे धरून किंमत ठरवावी, मग ते वरवर कसेही दिसोत. त्यानंतर ड्राइव्हच्या तळाचा गिअर ऑइलचा स्क्रू किंचित सैल करावा. दीर्घकाळ उभ्या असलेल्या ड्राइव्हमध्ये पाणी खाली बसलेले असते, त्यामुळे पहिले थेंबच खरी स्थिती सांगतात. तेल दुधाळ झाले असेल तर सील गेलेले आहेत. स्क्रूच्या टोकाला बारीक करडी पूड लागणे स्वाभाविक आहे, पण धातूचे कण किंवा तुकडे लागणे धोक्याचे आहे. शेवटी ड्राइव्हचा ॲल्युमिनियम पाहावा. आपल्याकडे यार्डात तळाचा तांबेयुक्त रंगच ड्राइव्हवरही मारून टाकतात, आणि तो खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम पोखरून काढतो. गोड्या पाण्याच्या तलावातून आयात झालेल्या बोटींवर मॅग्नेशियमचे ॲनोड (ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) असतात. समुद्रात ते झपाट्याने संपतात, त्यांच्या जागी ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचे हवेत.

इंजिनाकडे आता यावे. चार वर्षे थांबलेले इंजिन थेट स्टार्टर मारून फिरवू देऊ नये. सर्व प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, काही तास थांबावे, मग पुढच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्यावेत. प्लगही क्रमाने मांडून ठेवावेत. शेजारशेजारच्या प्लगवर गंज असेल, तर पाणी एक्झॉस्टच्या बाजूने आत आले आहे. समुद्राच्या पाण्याने थेट थंड होणाऱ्या या इंजिनांचे बिडाचे मॅनिफोल्ड आणि रायझर (एक्झॉस्टचा धूर बाहेर नेणारे भाग) आतून कुजत जातात, आणि खाऱ्या पाण्यात पाच-सहा वर्षांनंतर त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. ते केव्हा बदलले याचे बिल मागावे. बिल नसेल तर बदललेले नाहीत असे धरावे. थंड प्रदेशातून आलेल्या बोटींच्या बाबतीत आणखी एक जागा पाहावी लागते. हिवाळ्यात ब्लॉकमध्ये राहिलेले पाणी गोठून ब्लॉक तडकतो आणि कधी कधी ती तड पुटी भरून रंगवलेली असते. मॅनिफोल्डच्या खाली, ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना आरसा धरून ती शोधावी.

इंजिन चालू होत असेल, तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधील दाबाची मोजणी, करून घ्यावी. इंजिन गरम, सर्व प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, इग्निशन तोडलेले आणि बॅटरी भरलेली असावी. आकडा किती आला यापेक्षा सहाही सिलिंडर एकमेकांच्या किती जवळ आहेत हे महत्त्वाचे असते. १० ते १५ टक्क्यांहून अधिक फरक असेल तर इंजिन उघडावे लागेल, आणि शेजारचे दोन सिलिंडर एकत्रच खाली असतील तर बहुधा हेड गॅस्केट गेलेले असते. जमिनीवर चालवताना ड्राइव्हच्या पाणी घेण्याच्या जाळीवर नळीचे मफ (पाणी पुरवणारे रबरी कप) लावल्याशिवाय एक क्षणही चालवू नये, कारण कोरडे इम्पेलर सेकंदांत जळते. आणि मालकाला आधीच सांगून ठेवावे की आपण येण्यापूर्वी इंजिन चालू करू नये. थंड इंजिन कसे सुरू होते हे एकदाच पाहायला मिळते. आपण पोहोचलो तेव्हा ते कोमट लागले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

इंधनाच्या व्यवस्थेबद्दल मला विशेष कळकळीने लिहायचे आहे, कारण येथे जिवाचा प्रश्न आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती बिल्जमध्ये साचते. म्हणूनच मरीन स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर ठिणगी बाहेर पडू न देणारे बनवलेले असतात. ४.३ चे इंजिन मोटारगाड्यांतही वापरले गेल्यामुळे गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर त्यावर सहज बसतो, स्वस्तही पडतो, आणि गॅरेजवाला चांगल्या हेतूनेच तो बसवून देतो. बंद खणातील पेट्रोल इंजिनावर असा एकही भाग दिसला, तर तो बदलल्याशिवाय ते इंजिन त्या खणात चालू करू नये. ब्लोअर (खणातील वाफ बाहेर काढणारा पंखा) चालतो का, त्याची नळी खरोखर तळापर्यंत पोहोचते का, हे पाहावे. सुरू करण्यापूर्वी तो किमान चार मिनिटे चालवावा.

टाकी बहुधा तळफळीखाली, फोममध्ये गाडलेली ॲल्युमिनियमची असेल. ओल्या फोमला टेकलेला तिचा तळ बाहेरून पोखरला जातो आणि वरून काहीच दिसत नाही. टाकी रिकामी करून, ३ पीएसआयहून जास्त नाही इतका हवेचा दाब देऊन, गेजचा काटा स्थिर राहतो का ते तपासावे. जुने पेट्रोल तर फेकायचेच आहे, पण नव्याचाही प्रश्न आहे. आता आपल्याकडे पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि मरीन इंजिनांचे उत्पादक सर्वसाधारणपणे १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. १९८९ च्या कार्ब्युरेटरमधील रबर, पंपाचा पडदा आणि पेट्रोलच्या नळ्या त्या मिश्रणासाठी बनवलेल्याच नव्हत्या. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषते आणि एका मर्यादेनंतर पाण्यासह खाली बसते, नेमके जेथून इंजिन इंधन ओढते तेथे. म्हणून सर्व नळ्या नव्या आणि इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात, पाणी वेगळे करणारा फिल्टर लावावा, आणि पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवावी.

वायरिंगवर फार वेळ घालवू नये. एक-दोन वायरी सोलून पाहाव्यात. तांबे आतपर्यंत काळे पडले असेल, तर टिनचा मुलामा दिलेली नवी मरीन वायर घालायची असे गृहीत धरावे. सुकाणूचे चक्र इकडून तिकडे पूर्ण फिरवावे. अडखळत असेल तर केबल बदलावी. गाद्या, रंग आणि काचा यांकडे या टप्प्यावर पाहूही नये.

कागदपत्रे मात्र अगत्याने पाहावीत. अमेरिकी बनावटीच्या बोटीच्या ट्रान्समवर, उजव्या बाजूला वर, बारा अक्षर-अंकांचा हल आयडेंटिफिकेशन नंबर असतो. तो १९७२ पासून सक्तीचा आहे आणि १९८४ नंतरच्या पद्धतीत शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष सांगतात. आपल्या बोटीवर तेथे ८९ असायला हवे. हा क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक नोंदणीच्या प्रमाणपत्राशी जुळवावा. महाराष्ट्रात नोंदणीसाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे आणि बोट गोव्याहून आली असेल तर तेथील कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे चौकशी करावी. आयात केलेल्या बोटीची मूळ बिल ऑफ एंट्री (आयातीच्या वेळचा सीमाशुल्काचा कागद) नसेल, तर सीमाशुल्काचा प्रश्न पुढे आपल्या गळ्यात पडू शकतो. चार वर्षांचे यार्डाचे भाडे थकले आहे का, हे मालकाला नव्हे, यार्डाला विचारावे.

दुरुस्तीच्या वेळापत्रकाचाही विचार आताच करावा. ट्रान्सम बदलायचा ठरला, तर प्लाय आयएस ७१० (मरीन प्लायवूडचे भारतीय मानक) दर्जाचाच घ्यावा आणि काम पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सीने करून घ्यावे. हे काम पावसाळ्यात करू नये. लाकूड आणि जुने फायबर सुकत नाही आणि दमट हवेत इपॉक्सीच्या थरांमध्ये तेलकट पापुद्रा येऊन जोड कच्चा राहतो. म्हणजे नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंतचाच काळ हाती असतो, आणि पहिला हंगाम दुरुस्तीतच जाईल. ट्रान्सम बंद करून मागे आउटबोर्ड (बोटीबाहेर टांगलेले इंजिन) बसवण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी नक्की देईल. ट्रान्सम कुजलेलाच निघाला तर तो विचार रास्त आहे, कारण भिंत तशीही नवी करायची असते. ट्रान्सम चांगला असेल, तर चालणारा ड्राइव्ह काढून तसे करण्यात अर्थ नाही.

वरील सर्व तपासणीतून बोट पार पडली, तर विसार म्हणून छोटी रक्कम द्यावी आणि उरलेली रक्कम समुद्रातील चाचणीनंतर देण्याचे लेखी ठरवावे. चाचणी नारळी पौर्णिमेनंतर लगेच घेण्याची घाई नको. समुद्र शांत झाल्यावर, ऑक्टोबरमध्ये घ्यावी. भरलेल्या टाकीने, चार माणसे बसवून, पूर्ण थ्रॉटलवर या इंजिनाने ४४०० ते ४८०० आरपीएम गाठायला हवेत. ते खाली राहिले तर प्रोपेलर चुकीचा आहे, तळ घाणेरडा आहे, बोट पाण्याने जड आहे किंवा इंजिन थकले आहे, आणि यांपैकी नेमके काय हे शोधण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असावी. वीस मिनिटे वेगात चालवून तापमानाचा काटा स्थिर राहतो का पाहावे, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बेअरिंगची घरघर ऐकावी, रिव्हर्सला थोडा जोर देऊन पाहावा. धक्क्यावर परतताच इंजिन बंद करण्यापूर्वी खण उघडून टॉर्चने ट्रान्समच्या कडा, बेलोजच्या आतली बाजू आणि रायझरचे जोड पाहावेत. त्यांपैकी कोठूनही पाणी झिरपत असेल, तर ते थांबवून पुन्हा चाचणी होईपर्यंत उरलेली रक्कम देऊ नये.